खंदकाच्या आतले मावळे

‘अ‍ॅक्टिव्हिटी’ या शब्दाचा मला वीट आला होता. दुर्गापूजेच्या सुट्टीनंतर कोलकात्यातली आमची शाळा उघडली आणि मोठ्या बाईंनी फर्मान काढलं, की चौथीला विज्ञान आणि इतिहास मिळून एकच काहीतरी करून घ्या, ग्रुपवर फोटो टाका. घसा बसलेला, तपासायच्या वह्यांचा ढीग पडलेला. म्हटलं, आता काय नाचून दाखवू?

शेवटी हातांना जे येत होतं तेच केलं. आमच्याकडे दिवाळीत मुलं मातीचा किल्ला करतात, तसा एका मोठ्या परातीत करायला घेतला. मोहरी पेरायची, रोज किती उगवते ते लिहायचं, झालं विज्ञान. भोवती खंदक खणायचा, झाला इतिहास. कारण धडा कोलकात्याच्या मराठा खंदकाचा होता. अठराव्या शतकात शहराच्या उत्तरेच्या बागबाजारपासून तो खणायला घेतला होता, मराठ्यांच्या स्वाऱ्यांच्या भीतीने. त्यांना इथे बर्गी म्हणतात, आणि त्यांची भीती घालून अजून बाळांना झोपवतात.

माझी लेक त्याच वर्गात. नवऱ्याच्या बँकेच्या बदल्यांमुळे तिची ही बंगालमधलीच तिसरी शाळा. वर्षभर डब्याच्या सुट्टीत एकटी बसायची, आत्ता कुठे एक मैत्रीण जमली होती. बंगाली इतकं सफाईदार बोलायची की ती कुठली हे वर्गात कुणाच्या ध्यानात नव्हतं. शाळेत मराठी बोलू नकोस, अशी तंबी तिने मला दिली होती. मीही पाळली.

आणि माती खाल्ली ती मीच. घरून मावळे आणले होते, पुण्याहून सामानात जपून आणलेले. किल्ला म्हटला की मावळे बुरुजावर. विचार कसला करायचा? दिले ठेवून.

लेकीची मैत्रीणच म्हणाली, “मिस, पण हे तर मराठे ना? खंदक यांच्यासाठी होता, मग हे आत कसे?”

वर्ग हसला. मीही हसले, आणि थकव्यात बोलून गेले, की आमच्या घरी ते आतच असतात. आमच्या घरी! पस्तीस माना लेकीकडे वळल्या. डब्याच्या सुट्टीत तिच्या शेजारची जागा रिकामी होती. मैत्रीण दुसऱ्या बाकावर जाऊन बसली होती.

घरी ती जेवली नाही. मला स्वतःचा भयंकर राग आला. तिला जवळ घेऊन समजावलं, की अगं, तो खंदक पुरता खणलाच नाही. मराठे कोलकात्यापर्यंत आलेच नाहीत.

“पण आपण आलो ना,” ती म्हणाली.

मी तिचं ताट झाकून ठेवलं.

दुसऱ्या दिवशी मोहरीला हिरवी टोकं फुटली होती. तास सुरू व्हायच्या आधी लेक उठली, परातीपाशी गेली आणि माझ्याकडे न बघता एकेक मावळा उचलून खंदकाबाहेर ठेवायला लागली. थोड्या वेळाने मैत्रीण येऊन तिच्या शेजारी उकिडवी बसली. उरलेले दोघींनी मिळून ठेवले, मग मोहरीवर पाणी शिंपडलं. सुट्टीत दोघींनी एका डब्यात खाल्लं.

पोरीचं निभावलं म्हणून मला हायसं वाटलं, पण बाहेर ठेवलेल्या मावळ्यांकडे बघवेना. मोठ्या बाईंना फोटो हवा होता. मावळे बाहेरच ठेवून मी तो काढला.