लेकरांचं शेत

उन्हाळ्यात गाड्या घेऊन पाहुणे येतात, फाट्यावरची पाटी वाचतात आणि मला विचारतात, "गोर्त-ना-ल्यानव म्हणजे काय हो?" मी सांगतो, आमच्या आयरिश भाषेत लेकरांचं शेत. "किती गोड नाव," म्हणतात आणि फोटो काढतात. एका बाईनं विचारलं, इथं पूर्वी शाळा होती का? म्हटलं, नाही बाई, शाळेपर्यंत त्यातलं एकही पोचलं नाही. तिला काही कळलं नाही.

गावात हे नाव कुणी कुणाला समजावून सांगत नसे. बाप्तिस्म्याआधी गेलेल्या बाळाला चर्चच्या दफनभूमीत जागा नव्हती. मग बाप पहाटे उठायचा, खोक्यात बाळ घालायचा, समुद्राकडच्या त्या पडीक शेतात पुरायचा आणि वर एक पांढरा दगड ठेवायचा. आईला न्यायचं नाही. कुठला दगड ते तिला सांगायचं नाही, तिनंही विचारायचं नाही. हा नियम कुठल्या गाढवानं काढला देव जाणे, पण आमच्या आज्या-पणज्यांनी तो निमूट पाळला.

शेजारच्या बाबीन काकीनंही पाळला. सत्तावन्न साली ती समोरच्या बेटावरून लग्न होऊन इथं आली आणि अठ्ठावन्न साली तिचा पहिला मुलगा पोटातच गेला. सुईणीनं टॉवेलात गुंडाळून नेताना त्याचा एक पाय तिला दिसला, तेवढाच. तिचा नवरा फेस्टीकाका खोकं आणि फावडं घेऊन बाहेर पडला. परत आला तो गुडघ्यापर्यंत चिखलात, आणि चहा प्यायला बसला. त्यानंतर पाच पोरं झाली. पाचही बॉस्टनला गेली.

काकी तोंडानं फटकळ. मी दगडी बांध घालणारा, बिनलग्नाचा. मला म्हणायची, "कोलमन, माझा बांध आणि तुझं लग्न, दोन्हींतलं एक तरी माझ्या डोळ्यांदेखत होऊ दे." पण रविवारी प्रार्थनेहून परतताना त्या शेतापाशी नाक शिंकरायचं निमित्त करून ती थांबायची. कोपऱ्यातला एक टवका उडालेला दगड तिनं मनाशी आपला ठरवला होता. ती बोलली नाही कधी, मला दिसायचं.

काकाबद्दल काय सांगू, इतका गरीब माणूस मी पाहिला नाही. फक्त दाराशेजारच्या लाल फुलांच्या झुडपावरून तो अडून बसायचा. "उजेड खातंय मेलं, काप ते," असं काकी चाळीस वर्षं कानीकपाळी ओरडत होती. त्यानं फांदीला हात लावला नाही आणि लावू दिला नाही.

मग काकाला पक्षाघात झाला. उजवं अंग गेलं, वाचा गेली, तोंडात "नाही" एवढा एकच शब्द उरला. चाकांच्या खुर्चीला दारातून उतार हवा होता आणि मध्ये नेमकं ते झुडूप. काकी म्हणाली, "आता तरी काढ बाबा." मी ते मुळासकट उपटलं. मुळं, माती, दगडधोंडे, सगळं हातगाडीत भरून समुद्रात लोटलं आणि खड्ड्यावर काँक्रीट ओतलं. काका खुर्चीत बसून "नाही, नाही" करत दिवसभर रडला. या आजारात माणूस उगाच रडतो, असं डॉक्टर म्हणाले होते. आम्ही त्याला चहा पाजला.

पुढच्या वसंतात नव्या फादरनी जाहीर केलं की येत्या रविवारी लेकरांच्या शेताला आशीर्वाद देणार, प्रत्येक घरानं आपापल्या दगडापाशी उभं राहावं. काकी माझ्याकडे आली. पहिल्यांदाच तिचा आवाज बारीक होता.

"मी उभी कुठं राहू, कोलमन? मी ज्याच्यासाठी प्रार्थना केली ते दुसरीचंच असलं तर? फेस्टी आहे तोवर मला कळायला हवं."

आम्ही काकाला खुर्चीतून लेकरांच्या शेतात नेलं; चिखलात चाकं रुतली तेव्हा मी त्याला पाठुंगळी घेतलं. काकीनं टवका उडालेल्या दगडावर हात ठेवला. "हा?"

"नाही."

पुढचा? नाही. त्याच्या पुढचा? नाही. सत्तेचाळीस दगड झाले. माझी पाठ मोडायला आली होती.

"विसरलास का रे?" काकी म्हणाली. "एवढं एकच काम तुझ्याकडे होतं, तेही विसरलास." काकाच्या डोळ्यातलं पाणी माझ्या मानेवर उतरत होतं.

घरी आलो. मी खुर्ची उतारावर चढवतो तोच काकानं डावा पाय खाली सोडून ती अडवली. डाव्या हातातल्या काठीनं तो काँक्रीटवर ठोकायला लागला.

"पाय उचल, फेस्टी."

"नाही." आणि पुन्हा ठोकलं, त्याच जागी.

काकी त्या जागेकडे बघत राहिली, मग हळूच उतारावरच बसली. "झुडपाखाली? माझ्या दाराशी आणलंस त्याला?"

या वेळी काका नाही म्हणाला नाही. त्यानं काठी मांडीवर आडवी ठेवली.

मला ती हातगाडी आठवली. त्या मुळांत पावाएवढा एक पांढरा दगड होता, एक कुजकी फळी होती. जुनं काहीतरी असेल म्हणून मी पुन्हा बघितलंसुद्धा नव्हतं.

"कोलमन," काकीनं विचारलं, "खणताना काही लागलं का रे हाताला?"

काका माझ्याकडे बघत होता. त्या दिवशी खुर्चीत बसून त्यानं हातगाडीची प्रत्येक फेरी पाहिली होती.

"नाही, काकी," मी म्हणालो.

रविवारी सगळं गाव शेतात गेलं. काकी गेली नाही. काकाची खुर्ची उतारावर लावून ती शेजारी बसली, आणि मी फाटकातून डोकावलो तर म्हणाली, "चाळीस वर्षं भांड्यांचं पाणी मी इथंच ओतलं रे. पण तू वर काँक्रीट घातलंस ते बरं केलंस. आता त्याला कुणी हलवायचं नाही."

मी मान हलवली आणि घरी गेलो.