दुसऱ्या जॉर्जियाचा सैनिक

आता आम्ही अमेरिकेतल्याच ईडन प्रेरी गावात राहतो, पण त्याआधी मी काही वर्षं वॉशिंग्टनजवळच्या एका पुनर्वसन केंद्रात फिजिओथेरपिस्ट होते. अफगाणिस्तानच्या युद्धात पाय गमावलेले सैनिक तिथे कृत्रिम पायांवर चालायला शिकत. एका सकाळी माझ्याकडे नवा पेशंट आला. पंचविशीचा, रुंद खांद्यांचा, दोन्ही पाय गुडघ्याखाली गेलेले. फॉर्मवर जॉर्जिया लिहिलं होतं, ते अमेरिकेतलं राज्य समजून मी सहज विचारलं, अटलांटाचा का?

"ते जॉर्जिया नाही," तो म्हणाला. "दुसरं. तो देश आहे."

मला ओशाळल्यासारखं झालं. घरी येऊन नकाशा उघडला. काळ्या समुद्राच्या काठी, रशियाला खेटून असलेला देश. आमच्या एकट्या नागपूर जिल्ह्यात त्याहून जास्त माणसं राहतात. एवढ्याशा देशाने अमेरिकेच्या लढाईत आपली मुलं पाठवली होती. नवरा म्हणाला, यार, ह्यांचं काय अडलं होतं तिकडे? माझ्याही मनात तेच होतं.

त्याची आई सोबत आली होती. तिला इंग्रजी अजिबात येत नव्हतं. मी तिला काकू म्हणायला लागले आणि ती त्या हाकेला ओ देऊ लागली. कृत्रिम पायाच्या आत घालायचे त्याचे मोजे ती रोज धुऊन, वाळवून, घडी करून आणायची आणि भिंतीकडच्या खुर्चीत बसून राहायची.

पहिल्याच आठवड्यात त्याने मला त्याचं म्हणणं सांगितलं. घरी परतताना विमानाच्या जिन्यावरून त्याला स्वतः उतरायचं होतं. हातात काठी नको आणि कुणाचा आधारही नको. मी समजावलं की चढण्यापेक्षा उतरणं अवघड. घोटा वळत नाही, त्यामुळे अर्धं पाऊल पायरीच्या बाहेर काढून त्यावरून पुढे झुकावं लागतं, आणि त्या क्षणी तोल गेला तर माणूस सरळ खाली. त्याने ऐकून घेतलं आणि विचारलं, "कधी सुरू करायचं?"

त्याच सुमाराला माझ्याकडे एक अमेरिकन मरीन, म्हणजे नौदलासोबत लढणारा सैनिक, येत असे. त्याचा एक पाय गेला होता. एकदा दोघं शेजारी बसून घाम पुसत असताना मरीनने विचारलं, "ही तुमची लढाई नव्हती. तू का आलास?"

तो मोडक्यातोडक्या इंग्रजीत सांगू लागला. त्याचा थोरला भाऊ इराकमध्ये अमेरिकन सैन्यासोबत होता, तेव्हाच रशियाचे रणगाडे त्यांच्या देशात घुसले. अमेरिकेने आपली विमानं देऊन त्या सैनिकांना घरी पोचवलं.

"आणि आम्ही? आम्ही लढायला आलो?" मरीनने विचारलं.

"नाही. विमानं दिली."

"तरी तू इकडे आलास."

"आम्ही थोडे आहोत," तो म्हणाला. "तुमच्या शेजारी उभे राहिलो तर तुम्हाला आमचा देश कुठे आहे ते तरी कळेल. माझ्या हातात तेवढंच होतं."

दुसऱ्या दिवशी मरीन आपल्या वेळेच्या तासभर आधी आला आणि सरावाच्या जिन्यावर, जॉर्जियाच्या त्या मुलाच्या दोन पायऱ्या खाली, कठडा धरून उभा राहिला. "पडलास तर माझ्यावर पड," म्हणाला. मी नको म्हणायला हवं होतं. नियम तसाच होता. मी फक्त त्या मुलाच्या कमरेला बांधलेला आधाराचा पट्टा घट्ट धरला.

तो दोनदा पडला. दुसऱ्यांदा कपाळ फुटलं. काकू खुर्चीतून उठल्या, चार पावलं आल्या आणि मुलाने मान हलवल्यावर परत जाऊन बसल्या. उरलेला तास त्यांनी एक मोजा उलगडून पुन्हा पुन्हा त्याची घडी केली.

काही महिन्यांनी तो आईबरोबर मायदेशी गेला आणि जाऊन दोन दिवस झाले तेव्हा त्याने व्हिडिओ पाठवला. मरीन आणि मी जेवणाच्या सुट्टीत तो पाहिला. विमानाच्या दारात तो गणवेशात उभा होता. हळूहळू उतरला, मध्ये एकदा थांबला. मागे काकू दोन बॅगा घेऊन, त्याला हात न लावता उतरत होत्या. खाली पोचल्यावर त्याने सलाम केला. मरीनने माझ्या हातून फोन घेतला आणि व्हिडिओ पहिल्यापासून लावला.

आता तो आपल्या गावात मुलांना कुस्ती शिकवतो. त्याचा देश अमेरिकेच्या ज्या लष्करी युतीत जाण्याची आस धरून होता, तिथे अजून गेलेला नाही. गेल्या हिवाळ्यात त्याचा व्हिडिओ कॉल आला तेव्हा मी इतक्या वर्षांनी धीर करून विचारलं, कधी पश्चात्ताप होतो का?

"थंडीत होतो," तो म्हणाला. "थंडीत फार दुखतं." मग त्याने फोन वळवून मला आखाडा दाखवला. सात-आठ मुलं त्याची वाट बघत होती, म्हणून आमचं बोलणं तिथेच थांबलं.