बटणवाल्यांचा जिना

ज्या घराण्याचा मी आयुष्यात सगळ्यात जास्त हेवा केला, त्यातली बहुतेक माणसं मी या देशात येण्याच्या कितीतरी आधी वारली होती. त्यांचा माझा संबंध एवढाच, की आठवड्यातले काही दिवस मी त्यांच्या तसबिरींवरची धूळ पुसत असे.

मी मुळात कमी बोलणारी. कमी बोलणाऱ्या बाईचं एक बरं असतं, तिच्या पोटात काय जळतंय हे कुणी विचारत नाही. लोक तिला शांत म्हणतात, समजूतदार म्हणतात. मला वीस वर्षं म्हणत आले. आता मुलगी मोठी होऊन आपल्या वाटेला लागली आहे, सासूबाई राहिल्या नाहीत, आणि मला हे पोटात ठेवणं जड झालं आहे.

२००१ साली आम्ही आलो ते जर्सी सिटीत, तीन वर्षांच्या मुलीला घेऊन. उंच इमारत, भाड्याची दोन खोल्यांची जागा, नवरा सकाळी ट्रेनने मॅनहॅटनला. पुढे तीनेक वर्षांनी आम्ही आत एका जुन्या गावात घर घेतलं. पुण्याला मी कॉलेजात केमिस्ट्री शिकवायचे. इथे नवऱ्याच्या व्हिसावर आलेल्या बायकोला नोकरी करता यायची नाही. फुकट काम मात्र चालायचं. म्हणून मी गावातल्या म्युझियममध्ये व्हॉलंटियर झाले.

म्युझियम म्हणजे त्या घराण्याचं राहतं घर. त्यांचं आडनाव मी इथे घेत नाही, पण गावात ते चुकवणं कठीण होतं. लायब्ररीवर तेच, हॉस्पिटलवर तेच, शाळेच्या मैदानावर तेच. आम्ही घरात त्यांना 'बटणवाले' म्हणायचो, कारण पैसा सगळा बटणांचा. नदीतल्या शिंपल्यांतून गोल चकत्या कापून शर्टांची बटणं करायचा कारखाना होता त्यांचा. मागच्या खोलीत काचेखाली ते शिंपले अजून मांडलेले होते, चाळणीसारखी भोकं पडलेले, आणि शेजारी बटणांचे खणच्या खण.

पुढच्या दालनातून लाकडी जिना वर जायचा आणि जिन्याच्या भिंतीवर एकेक पिढी टांगलेली. सगळ्यात खाली मूळ पुरुष, जर्मनीतून एक ट्रंक घेऊन आलेला. त्याच्यावर त्याचा मुलगा, राज्याच्या सिनेटमध्ये बसलेला, ज्याने कारखान्यात लहान पोरं कामाला ठेवायला विरोध केला आणि स्वतःच्याच धंद्यातल्या लोकांच्या शिव्या खाल्ल्या. त्याच्यावर त्याची मुलगी, बायकांना मत मिळावं म्हणून तुरुंगात जाऊन आलेली, पांढऱ्या कपड्यांत, हनुवटी वर. आणि सगळ्यात वर, फोटोत, तिची भाची. दुसऱ्या महायुद्धात ही एका तळावरून दुसऱ्या तळावर लष्कराची विमानं नेऊन पोचवायची. चामडी टोपी, डोळे बारीक केलेले, मागे विमानाचा पंखा.

ही भाची जिवंत होती. ऐंशी कधीच उलटलेली, लग्न न केलेली, आवारातल्या माळ्याच्या जुन्या घरात एकटी राहणारी. माझा नवरा तिला 'पायलटबाई' म्हणायचा.

मी त्या जिन्यावर फडकं घेऊन उभी राहायचे आणि मला राग यायचा. तिने तरुणपणी विमानं उडवली, आणि मी डिपेंडंट म्हणून शिक्का मारलेला पासपोर्ट घेऊन तिच्या आत्याच्या फ्रेमची धूळ पुसत होते. पण तेवढंच असतं तर मी गिळलं असतं. खरं दुखणं वेगळं होतं. ते म्हणजे माझी मुलगी.

शाळा सुटली की ती म्युझियमवर यायची, मला सुट्टी होईपर्यंत थांबायला. तेव्हा ती अकरा वर्षांची. काही दिवसांतच ती माझ्यासाठी यायची बंद झाली आणि पायलटबाईसाठी यायला लागली. दोघी मागच्या स्वयंपाकघरात बसून खारी बिस्किटं खायच्या आणि बोलायच्या. मला घरी एका शब्दात उत्तर देणारी ही मुलगी तिथे तासभर बोलायची! आणि हाक मारायची ती सरळ नावाने.

मी एकदा कारमध्ये म्हटलं, "अगं, आजीच्या वयाची आहे ती. नावाने काय हाक मारतेस?"

"आई, शी टोल्ड मी टु. अँड शी इज नॉट माय आजी. शी इज माय फ्रेंड."

मी सिग्नलकडे बघत राहिले. मुलगी मोठी होत गेली की आपली मैत्रीण होते, असं मी कुठेतरी ऐकून ठेवलं होतं. ती जागा भरली गेली होती.

वर्षभरात मुलीला ते घराणं पाठ झालं. लोकांना जिना दाखवायचं काम तिने मागून घेतलं. मूळ पुरुषाच्या तसबिरीसमोर थांबून ती सांगायची, की याने हात कोटात का घातलाय बघा. लोकांना वाटतं ऐट. पण करवतीने त्याची दोन बोटं नेली होती, म्हणून. लोक हसायचे, पुढे वाकून बघायचे. मी मागे उभी राहून ऐकायचे आणि मनात म्हणायचे, माझ्या बापाचं पूर्ण नाव तरी येतं का गं तुला?

तशातच एक दिवस घरी येताना तिने विचारलं, "व्हॉट डिड अवर पीपल डू?"

खरं काय ते मला माहीत होतं. माझे वडील तालुक्याच्या कचेरीत कारकून. नवऱ्याचे आजोबा सांगलीला शाळेत शिपाई. सासरे लवकर गेले आणि सासूबाईंनी घरी बसून शिंप्यांची काजं-बटणं करून एकुलत्या मुलाला इंजिनियर केलं. यात लाजण्यासारखं काही नाही हे मला कळत होतं. कुणी दुसऱ्याने सांगितलं असतं तर मी मान डोलावली असती. पण डोळ्यांसमोर तो जिना होता.

मी म्हटलं, "तुझ्या बाबांचे पणजोबा संस्थानात दिवाण होते."

गाडीच्या आरशात मला तिचा चेहरा दिसला. माझ्याकडे बघून तो असा उजळलेला मी किती तरी दिवसांत पाहिला नव्हता. "लाइक अ प्राइम मिनिस्टर?"

"तसंच काहीसं."

मग थांबता येईना. सिनेटर होता, तर मी दिवाणांच्या मुलाकडून दुष्काळात गावासाठी विहीर खणून घेतली. तुरुंगात गेलेली आत्या होती, तर मी एक विधवा आजेसासू काढली आणि तिला मुलींची शाळा घालून दिली. त्यांच्या जिन्यावर जेवढी चित्रं, तेवढी मी आमच्या भिंतीवर टांगली. मुलगी रात्री जेवताना प्रश्न विचारायची, मी उत्तरं द्यायचे. ते काही महिने माझ्या आयुष्यातले फार सुखाचे होते, हेही लिहून टाकते.

नवऱ्याच्या कानावर ते गेलं तेव्हा तो घास हातात धरून बसला. मुलगी वर गेल्यावर म्हणाला, "दिवाण? अगं, आमचे आजोबा दिवाणांच्या घरावरून सायकलने तरी गेले असतील का, शंका आहे."

"घरातली गोष्ट आहे. कोण जातंय विचारायला?"

"आई येतेय ना पुढच्या महिन्यात. तिलाच सांग, दिवाणांची नातसून आहेस म्हणून. खूश होईल."

तो हसला. मी हसले नाही. कारण तोवर मुलीने पायलटबाईला सगळं सांगून टाकलं होतं. उन्हाळ्यात म्युझियमचा ओपन डे असायचा. त्यात मुलीने जिना दाखवून झाल्यावर शेवटी आपल्या घराण्याबद्दल बोलायचं, असं त्या दोघींनी परस्पर ठरवलं होतं.

सासूबाई आल्या. नऊवारी सोडून पाचवारी, पायात नवे स्पोर्ट्स शूज, सोबत मेतकूट आणि भाजणीच्या पिशव्या. पायलटबाईने त्यांना चहाला बोलावलं. मी दोनदा कॅन्सल केलं, एकदा पाय दुखतोय म्हणून, एकदा पाहुणे आहेत म्हणून. तिसऱ्यांदा मुलीनेच हो म्हणून टाकलं.

चहाआधी बाई त्यांना बटणांच्या खोलीत घेऊन गेली. आम्ही चौघीच होतो. दोघी म्हाताऱ्या काचेच्या पेटीच्या दोन बाजूंना, मध्ये मी, दुभाषी. मुलगी खिडकीत बसून बिस्किट खात होती.

बाईने एक खण उघडला आणि मला म्हणाली, यांना विचार, असली बटणं पाहिलीत का कधी?

मी विचारायच्या आधीच सासूबाई वाकल्या होत्या. "अगं बाई! ही शिंपल्याची. गठ्ठे यायचे ना माझ्याकडे शर्टांचे, त्यात पहिल्यांदा असायची ही. मेली फार निसटायची हातातून. मग प्लॅस्टिकची आली, ती बरी. सांग तिला, माझा मुलगा असल्या बटणांवर शिकलाय म्हणावं."

मी बाईकडे वळून इंग्रजीत म्हणाले, "त्या सांगतायत, दिवाणसाहेबांच्या कोटांना अशीच बटणं असत. परदेशातून मागवलेली."

बाई खूश झाली. "असं? कोट कसले? दरबारात घालायचे?"

मी सासूबाईंना विचारलं, "आई, ते काम कुठे बसून करायचात तुम्ही?"

"कुठे म्हणजे? दारात. उजेड तिथेच. तू आणि काय विचारतेस, तुला माहीत नाही का?" आणि बाईला दिसावा म्हणून त्यांनी उजव्या हाताचा अंगठा पुढे केला. सुई ढकलून ढकलून तो टोकाला दगडासारखा झाला होता. "हे बघा. अजून गेलं नाही."

"मखमलीचे कोट," मी म्हणाले. "त्या म्हणतायत, लग्न होऊन आल्यावर त्यांनी हाताने चाचपून पाहिलेले आठवतात."

"नो," खिडकीतून आवाज आला.

मुलगी उतरून आमच्यात आली. ती मराठी बोलत नाही, या गोष्टीची मला इतकी सवय झाली होती, की तिला मराठी कळतं हे मी विसरून गेले होते. जन्मापासून मीच बोलत आले होते ना तिच्याशी.

"दॅट्स नॉट व्हॉट आजी सेड." माझ्याकडे तिने पाहिलं नाही. पायलटबाईला सांगत होती. आजी शिंप्यांसाठी काम करायची. घरी, दारात बसून. बटणं लावायची आणि ते भोक... मग तिने वळून विचारलं, "आजी, काज म्हणजे?"

सासूबाईंनी तिच्याच शर्टाची बाही धरली आणि बटण ज्यातून जातं तिथे बोट ठेवलं. "हे गं."

"ती ही भोकं करायची. हाताने. माझे बाबा त्यामुळे कॉलेजला गेले."

पायलटबाईने माझ्याकडे एकदाच पाहिलं. त्यात राग नव्हता. राग असता तर मला चाललं असतं. मग तिने सासूबाईंचा हात हातात घेऊन तो अंगठा आपल्या बोटांनी चाचपला आणि मुलीला पुढचा प्रश्न विचारला. मुलीने आपल्या तुटक्या मराठीत तो आजीला विचारला. "आजी, तू शिकली कोणाकडून?" सासूबाई सांगायला लागल्या. माझी गरज उरली नव्हती. चहा कुणीतरी करायला हवा होता, तो मी केला.

परत येताना मुलगी मागे आजीजवळ बसली. सासूबाईंना काहीच पत्ता नव्हता. म्हणाल्या, "बाई चांगली आहे हो. पण माझा हात काय धरून बसली होती एवढा वेळ? मला तर अवघडायलाच झालं."

घरी पोचल्यावर मुलगी जिन्याच्या पायरीवर थांबली. "वॉज देअर अ स्कूल? ती मुलींची?"

"नाही."

"द वेल?"

"नाही."

"ओके," म्हणाली आणि वर गेली. तिने पुढे कधी तो विषय काढला नाही. मी वाट पाहिली. ती चिडेल, ओरडेल, मग मी सांगेन की तुझा चेहरा एकदा माझ्याकडे बघून तसा उजळावा एवढ्यासाठी गं. ती चिडलीच नाही. जेवायला बसलो की आजीला प्रश्न विचारायला लागली, आणि मी पोळ्या करता करता पाठमोरी ऐकायचे. आता मला सासूबाईंचा हेवा वाटत होता. त्यांना सांगायला काही रचावं लागत नव्हतं.

ओपन डेला ऊन होतं, गर्दी बरी होती. मुलीने जिना दाखवला. मूळ पुरुष, त्याची बोटं. सिनेटर. तुरुंगातली आत्या. मग चामडी टोपीतली भाची, आणि तीच खाली खुर्चीत बसलेली, टाळ्या घेणारी. मग मुलगी सगळ्यांना मागच्या खोलीत घेऊन गेली. तिथे काचेच्या पेटीशेजारी सासूबाई बसल्या होत्या, मांडीवर माझ्या नवऱ्याचा जुना शर्ट, हातात सुई. इथे बटणं तयार व्हायची, मुलगी म्हणाली, आणि ही माझी आजी, ती जगाच्या दुसऱ्या टोकाला ती लावायची. सासूबाई काज करून दाखवत होत्या. पायलटबाई चष्मा लावून जवळून बघत होती. मुलगी दोघींच्या मध्ये उभी, एकीचं दुसरीला सांगणारी. मध्येच त्या तिघी कशावर तरी हसल्या. कशावर ते मला ऐकू आलं नाही. मी दाराशी होते, लिंबाच्या सरबताचा ट्रे घेऊन.

पुढे उभ्या असलेल्या एका बाईने मुलीला विचारलं, "आणि तुझी आई? ती काय करते?"

मुलीने मान वर केली आणि चहाच्या त्या दिवसानंतर पहिल्यांदा माझ्याकडे नीट पाहिलं. "यू कॅन आस्क हर. शी इज राइट देअर."

सगळे वळले. ती टोचत नव्हती, हे आज मला कळतं. ती माझ्या उत्तरासाठी थांबली होती. मी पुण्याला केमिस्ट्री शिकवायचे. पहिल्या तासाला पोरं घाबरलेली असत, तर मी टेस्ट ट्यूबमध्ये रंग बदलून दाखवायचे आणि शेवटच्या बाकावरून शिट्टी यायची. शिंपल्याचं कॅल्शियम कार्बोनेट अ‍ॅसिडमध्ये कसं फसफसतं ते मी तिथल्या तिथे, त्याच भोकं पडलेल्या शिंपल्याच्या कपचीवर करून दाखवू शकले असते. माझ्या मुलीने हे कधी ऐकलं नव्हतं. मी दिवाण सांगितला, विहीर सांगितली, शाळा सांगितली. हे सांगितलं नव्हतं.

"मी इथे व्हॉलंटियर आहे," मी म्हणाले आणि ट्रे पुढे केला.

मुलगी अजून क्षणभर बघत राहिली. मग आजीकडे वळली.