समुद्रावरचा धूर

दाजी गेले त्याला तीन आठवडे झाले. निरोप आला तेव्हा मी परळीत होतो, वैजनाथाच्या दर्शनाला आलेल्या एका कुटुंबाचा फोटो काढत. "धारूरचे दाजी गेले, चला," एवढंच निरोप्यानं सांगितलं. खरं सांगू? मला आधी रडू आलं नाही. आता ते कुणाला काही सांगणार नाहीत, सुटलो, असं वाटलं. असल्या माणसानं त्यांच्यावर लिहावं का? लिहितो. शिव्या द्यायच्या तर शेवटी द्या.

दाजी म्हणजे रंगनाथराव, माझ्या आक्काचे यजमान. धारूरच्या पेठेत त्यांचं फोटोचं दुकान, मी तिथंच हाताखाली होतो. स्वभाव अगदी जमदग्नीचा. नवरदेव जरा हलला तर मुंडावळ्यांसकट मुंडी धरून सरळ करायचे. तेव्हा फोटो काचेवर निघायचा, मग तिच्यावरून कागदावर छापायचा; एकदा माझ्या हातून अशी काच फुटली, तर त्यांनी खडाव फेकून मारली. खूण कपाळावर अजून हाय. पण समुद्राचं वेड मात्र लई. आमच्या मुलखात समुद्र पाहिलेला माणूस औषधालाही मिळायचा नाही, म्हणून त्याच्या फोटोला मोठी मागणी. त्यासाठी दाजी महिनाभर रत्नागिरीकडं जाऊन आले. रोज पहाटे, मळभ असताना, कंबरभर पाण्यात कॅमेऱ्याची तिपाई रोवून उभे. एका लाटेनं त्यांना तिपाईसकट खडकावर आपटलं, दोन दात गेले. रक्त थुंकून त्यांनी आधी काच शाबूत आहे का ते बघितलं म्हणे.

फोटो उत्तम आले, पण मळभामुळं आभाळ सगळं कोरं, पांढरंफटक. त्यावर आमचा तोडगा असा... धारूरच्या किल्ल्यावरून ढगांच्या वेगळ्या काचा काढायच्या. कागदावर आधी समुद्र छापायचा, मग वरच्या कोऱ्या जागेत दुसऱ्या काचेवरचे ढग. खालचा समुद्र कोकणातला आणि वरचं आभाळ आमचं. गिऱ्हाईकाला काय कळतंय?

अशाच एका सकाळी दाजी बुरजावर ढग धरायला गेलते. खाली माळावरची कुळांची वस्ती पेटली. जमीन सोडत नाहीत म्हणून जमीनमालक देशमुखानं पेटवली होती. आमच्या दुकानात काचा धुवायला पाणी भरणारी सुंदरा त्याच वस्तीतली. ती तेव्हा विहिरीवर होती. तिची चार वर्षांची ठकी आत झोपलेली... ती बाहेर आलीच नाही. आरडाओरडा दाजींना बुरजावर ऐकू येत होता. त्यांनी काच लावली आणि फोटो घेतला.

काच धुऊन निघाली तेव्हा मी शेजारीच होतो. काचेवर काळं-पांढरं उलटं उमटतं, पण आमची नजर त्याला सरावलेली. काळा धूर, आणि धुराच्या पोटात, टेकाडावर, गव्हाच्या दाण्याएवढा एक पांढरा घोडा, वर स्वार. तसा घोडा साऱ्या तालुक्यात फक्त देशमुखाकडं. अमिनानं, म्हणजे फौजदारानं, तर चुलीची ठिणगी उडाली असं लिहून कागद मिटवला होता. पुरावा असेल तर आणा, म्हणाला होता. दाजी म्हणाले, "गोपाळ, हिला हात लावू नगंस. उद्या मी अमिनापुढं ठिवतो. सुंदराला सबूद दिलाय."

दुपारी ते जेवायला गेले आणि मी सुरी उचलली. आमच्या धंद्यात काळ्या ढगात पांढरा डाग दिसला की काचेवरचा थर सुरीच्या टोकानं खरवडतात. डाग जातो, ढग सलग दिसतो. मी घोडा खरवडला. दाजी साक्षीला गेले तर आक्काचं कुंकू राहणार नाही, एवढंच डोक्यात होतं. वर शहाणपणा केला तो असा की तोच धूर समुद्राच्या फोटोवर छापला, म्हणजे कामाच्या भरात झालं असं वाटावं! देशमुखानं बैठकीसाठी समुद्र मागितलाच होता. नेऊन दिला. त्याला लई आवडला. "काय पावसाळी ढग हायत!" म्हणाला.

दुसऱ्या दिवशी अमिनाकडं न्यायला म्हणून दाजींनी मागल्या अंगणात छापायच्या चौकटीसकट काच उजेडात धरली. मला वाटलं, आता जीवच घेतात. फोटो कुणाला दिला, एवढंच त्यांनी विचारलं. सरळ देशमुखाच्या बैठकीत गेले, फोटो भिंतीवरून ओढला आणि जमिनीवर आपटून ओरडले, "ह्यो ढग न्हाई, ह्यो तुझा धूर हाय बे! पोर जळली हाय ह्यात!" गड्यांनी त्यांना उंबऱ्यावर पाडलं. उजवा हात वरवंट्यानं ठेचला, एकेक बोट. मग ते दुकानात आले आणि साऱ्या काचा फोडल्या. मी कोपऱ्यात उभा राहून पाहत होतो. घोडा खरवडलेली ती एक काच तेवढी वाचली, कारण ती अंगणात चौकटीतच राहिली होती.

सुंदरा आली. "दाजी, घोडा कुटं गेला?" फडक्यात गुंडाळलेला हात छातीशी धरून दाजी म्हणाले, "माज्या हातनं खरवडला गेला, माय." ती जमिनीवर थुंकली आणि गेली. त्यानंतर तिनं दुकानाची पायरी चढली नाही. मी तोंड उघडलं नाही. आक्का वाचली, मीही वाचलो. दाजींनी पुढं समुद्राचे जे फोटो छापले, डाव्या हातानं छापले, त्या सगळ्यांत आभाळ कोरं ठेवलं. गिऱ्हाईक कुरकुरलं तर हाकलून द्यायचे.

दहाव्याला सुंदरा आली. म्हातारी झाली आहे. म्हणाली, "चुकला माणूस, पर हात गमावला. म्या माफ केलतं."

माझ्यानं राहवलं नाही. "सुंदराबाई, दाजींनी न्हाई. घोडा मी खरवडला."

तिनं सगळ्या भावकीसमोर माझ्या थोबाडीत मारली. ओठ फुटला. दुसरी मारली. मग म्हणाली, "आता ह्ये समद्यांला सांग."

म्हणून सांगतो आहे. ती काच दाजींनी खरवडलेली जागा सोडून बाकी काजळीनं माखली आणि दुकानाच्या खिडकीत बसवून घेतली होती. सकाळी ऊन आलं की सगळी काच अंधारी राहते, फक्त खरवडलेल्या जागेतून गव्हाएवढा उजेड आत येतो आणि टेबलावर पडतो. रोज त्या वेळी दाजी आपली वाकडी बोटं त्या उजेडाखाली ठेवून बसायचे. मला वाटायचं, शेकत असतील. आज मी त्यांच्या जागी बसलो. माझा हात धडधाकट आहे. तो मला त्या उजेडात ठेववला नाही.