अंगणातली भरती

घरापासून पंधरा मिनिटांवर खराखुरा समुद्र असताना अंगणात दुसरा समुद्र बांधायला काढणारा माणूस अख्ख्या डहाणू तालुक्यात एकच आहे, आणि तो माझ्या साडूचा सासरा आहे. म्हणजे तसा माझाही सासराच. पण त्यांनी काही उद्योग करून ठेवला की मी त्यांना साडूचे सासरे म्हणतो. समोर मात्र मामा. आगरला त्यांची चिकूची वाडी आहे आणि मी जवळच मसोलीला राहतो, त्यामुळे त्यांच्या प्रत्येक उद्योगाला हजर राहण्याचं भाग्य माझ्याच कपाळी आलं. साडू सुटला. त्याची नागपूरला बदली झाली.

त्या बदलीतूनच हे सगळं उपटलं. साडू आणि मेहुणी घर लावायला पुढे गेले आणि त्यांची साडेचार वर्षांची मनू शाळा सुरू होईपर्यंत आजोळी राहिली. आल्या आल्या किनाऱ्यावर एका लाटेने तिची चप्पल नेली. ‘समुद्र चोर आहे’ असं मनूने जाहीर केलं आणि त्यानंतर ती वाळूवर पाय ठेवायला तयार होईना. हे मामांच्या फार जिव्हारी लागलं. “जावईबापू, जूनमध्ये पोर नागपूरला जाणार. तिथे कुठला आलाय समुद्र? एकदा तरी तिने आपणहून पाण्यात पाय घालायला हवा हो. नाहीतर जन्मभर हेच सांगत फिरेल!” आणि मग, पोर समुद्राकडे जात नाही तर समुद्रच घरी आणायचा, असं त्यांनी ठरवून टाकलं.

झालं! मोबाइलवर कुठल्याशा बाईंचे मुलांना शिकवायचे व्हिडिओ बघून मामांनी सपाटा लावला. बाटलीत निळं पाणी आणि वर तेल घालून लाटा केल्या. त्यात सासूबाईंचा तेलाचा डबा रिकामा झाला. पातेल्यात प्लास्टिकचे देवमासे गोठवून हिमनग केला. तो बर्फ सासूबाईंनी घाईगडबडीत पाहुण्यांच्या सरबतात घातला आणि एका सभ्य गृहस्थाच्या ग्लासात देवमासा तरंगून वर आला. ते गृहस्थ हल्ली आमच्याकडे पाणीसुद्धा गाळून पितात. एकदा अख्ख्या पापलेटाला खायचा निळा रंग फासून त्याचे कागदावर ठसे काढले. इतका महागाचा मासा टाकवेना म्हणून सासूबाईंनी तो धुऊन तळला आणि जावयाला वाढला. दोन दिवस माझी जीभ निळी होती. ऑफिसात कुणाशी बोलायची सोय नव्हती. मनू मात्र प्रत्येक खेळ मन लावून खेळायची आणि शेवटी म्हणायची, “आजोबा, हा समुद्र चांगला आहे. तो चोर आहे.”

मे संपत आला तसे मामा हातघाईवर आले. अंगणात गुरांना पाणी पाजायचं मोठं सिमेंटचं टाकं होतं. त्यात वाळू आणि शिंपले टाकून, पंपाने पाणी चढवायचं आणि उतरवायचं, म्हणजे मनूला भरती-ओहोटी कळेल, असा बेत ठरला. आजूबाजूच्या पोरांनाही गंमत बघू दे म्हणून त्यांनी फाटकावर पाटी लावली : ‘उद्या सकाळी १० वाजता भरती. येताना टॉवेल आणावा.’

त्या पाटीचा कुणीतरी फोटो काढला आणि तो संध्याकाळपर्यंत व्हॉट्सअॅपवरून थेट तलासरीला पोचला. सकाळी मी गेलो तर फाटकाबाहेर बावीस माणसं फायली घेऊन रांगेत उभी. प्रत्येकाच्या खांद्यावर टॉवेल! टॉवेल सांगितलाय म्हणजे धावण्याची परीक्षा असणार, असा त्यांचा अंदाज.

“काका, फॉर्म कुठे भेटेल?” पहिल्याने विचारलं.

“कसला फॉर्म?”

“भरतीचा. पोस्ट कुठली आहे?”

मामांनी फाटकावरच्या पाटीकडे पाहिलं. मग मनापासून वरमले. हात जोडून त्यांनी सगळ्यांना खरं काय ते सांगितलं. एकदोघं वैतागले, बाकीचे हसत सुटले. मामा म्हणाले, “एवढ्या लांबून आलात, चहा-नाश्ता केल्याशिवाय कुणाला सोडणार नाही.” सासूबाईंनी पोह्यांचं पातेलं चढवलं आणि मामांची खोड अशी, की तेवढ्या वेळात त्यांनी सासूबाईंच्या दोन निळ्या साड्या आणून त्या उमेदवारांच्या हाती दिल्या आणि त्यांना लाटा करायला लावलं. बावीस माणसं अंगणात साड्या हलवतायत आणि मामा मधोमध उभे राहून ओरडतायत, “जोर लावा! किनारा अजून लांब आहे!” मला तर हसावं की पळावं कळेना.

मनू प्रत्येकाजवळ जाऊन चौकशी करत होती. तलासरीकडची एक बाई साडीचं टोक धरून जरा अवघडून उभी होती. मजुरीला जायची, म्हणाली. मनूने तिला दरडावून विचारलं, “खरी लाट अशी असते का?”

“मला काय म्हायत, बाय? मी अजून दर्या बघलाच नाय.”

मनू आ वासून बघतच राहिली. एवढी मोठी बाई आणि समुद्र बघितला नाही! तिने मागे वळून आजोबांकडे पाहिलं, मग बाईचं बोट धरलं. “चल, मी दाखवते. घाबरू नको. चप्पल हातात धरायची असते.”

आणि ती निघाली. तिच्या मागून ती बाई, बाईमागे टॉवेलवाले बाकीचे एकवीस, शेवटी मामा आणि मी. पाण्याजवळ बाई थबकली. “आत नको,” म्हणाली. मनूने तिला ओढलं. “काही करत नाही गं तो!” दोघी घोट्यापर्यंत पाण्यात गेल्या, मग गुडघ्यापर्यंत, आणि लाट आली तशा दोघीही किंचाळून हसल्या. मामा वाळूवर उभे होते. मला वाटलं, आता हे उड्या मारणार. पण ते नुसते बघत राहिले. “तीन महिने मी काय काय केलं,” इतकंच पुटपुटले.

जूनमध्ये मनू गेली. परवा मी सहज गेलो तर मामा ओटीवर बसले होते. “जावईबापू, नागपूरला तलाव मोठा आहे म्हणे. तिथे कुणी नेत असेल का हो तिला?” मी म्हटलं, “तुम्हीच जाऊन या ना, मामा.” “बोलावलं पाहिजे,” म्हणाले. तेवढ्यात फोन वाजला. पडद्यावर मनूचं नाव होतं; लेकीचा नंबर त्यांनी हल्ली त्याच नावाने ठेवलाय. त्यांनी तो लगेच उचलला नाही, चांगला वाजू दिला. पंच्याने डोळे पुसले, दोनदा घसा खाकरला आणि मग आनंदाने ओरडले, “बोला राणीसरकार!” मला काही तिथे बसवेना. मी उगीचच चिकूच्या झाडांकडे निघून गेलो.