जुन्या भिंगाच्या रिंगा

आमच्या फिजिक्स डिपार्टमेंटात मी सगळ्यांचे आवाज काढायचो. सरांचा, लॅबच्या काकांचा, आतल्या रिसर्च लॅबमधल्या व्हॅक्यूम पंपाचासुद्धा. पंप सगळ्यात छान जमायचा, कारण दाराच्या काचेला नाक लावून मी तोच ऐकत उभा असायचो. आत काचेवर धातूचा थर चढवतात, केसाहून कितीतरी पातळ. मला तिथंच प्रोजेक्ट करायचा होता आणि जागा एकच होती. सर म्हणालेले, "प्रॅक्टिकलला ज्याचं काम मला पटेल, तो आत."

मला आला रिंगांचा प्रयोग. सपाट काचेवर भिंग ठेवायचं, सोडियमचा पिवळा उजेड टाकायचा, मायक्रोस्कोपात गोल गोल रिंगा दिसतात. त्या मोजून उजेडाची तरंगलांबी काढायची. उत्तर सगळ्यांना पाठ, ५८९३ अँगस्ट्रॉम. आमच्याकडे रिवाज असा की उत्तरापासून उलटं चालत यायचं आणि रीडिंग बनवायची. भिंगाची वक्रता सिनियरच्या जर्नलात होतीच. पंधरा मिनिटांत माझं उत्तर तयार, ५८९१. दोनाचा फरक मुद्दाम ठेवला, खरं वाटावं म्हणून.

सरांनी वही बघितली, मायक्रोस्कोपात डोकावले. "दहावी रिंग दाखव."

मी वहीतल्या आकड्यावर स्क्रू नेला. मोजली तर तिथं सातवी.

मागून काका हळूच म्हणाले, "जुन्या भिंगाक बुरशी लागली रे. पावसाळ्यात नवीन इला."

सरांनी घड्याळ बघितलं. "एक तास आहे," म्हणाले आणि पुढच्या टेबलाकडे गेले.

"आवाज काढूक येतत," काका म्हणाले, "आता रिंगो मोजूक येतत काय बघूया."

आधी तीन पायांच्या यंत्रानं नव्या भिंगाची वक्रता मोजली. मग रिंगा. स्क्रू एकाच दिशेनं फिरवायचा, जरा मागे आला की सगळं फुकट. चौदाव्या रिंगेवर कोणीतरी स्टूल ओढलं, टेबल हललं, मी मोजणी विसरलो. परत पहिल्यापासून, श्वास धरून. व्यासांचे वर्ग काढले तर फरक जवळजवळ सारखा. मी बनवला नव्हता, तरी सारखा! ग्राफवर ठिपके रांगेत बसायला लागले तसा मी स्टुलावरून उठून उभाच राहिलो. भजनाच्या डबलबारीत आपला बुवा समोरच्या बुवाला भारी पडायला लागला की उठतो ना, तसं.

उत्तर आलं ६१४२. खोडरबर समोरच होता. मी तो काकांच्या हातात दिला.

"एवढं लांब?" सर म्हणाले.

"हो सर. पण रिंगो मोजलेल्यो आसत."

"मग चूक कुठे?"

"वक्रतेत. ते तीन पायांचं यंत्र डुगडुगत होतं. खाली लिहिलंय."

त्यांनी ते दोनदा वाचलं. "सोमवारी नऊला ये. पहिला महिना फक्त काचा धुवायच्या. एक डाग चालणार नाही."

जिन्यातूनच घरी मसुऱ्याला फोन लावला. "आये, माका रिसर्च लॅबीत घेतल्यानी. काचो धुवूक."

"काचो?" आई म्हणाली. "घराक चायचो कप उचलूक तुझ्या जीवावर येता, आणि थंय एमेस्सी करून काचो धुतलंस?"

"होय गो," मी म्हणालो. "म्हयनोभर."