पाराजवळचा नळ

ही गोष्ट मी आजवर कुणाला सांगितलेली नाही – बायकोलाही नाही. लोक मला सरळ माणूस समजतात, समजू देत.

ऐंशीच्या दशकाच्या शेवटी मी धुळ्याला इंजिनिअरिंग शिकत होतो. आम्हाला समाजशास्त्र होतं. त्याला आम्ही गप्पांचा तास म्हणायचो. पाइपातून पाणी न्यायला समाज कशाला लागतो? शिकवणारे सोनवणे सर हंगामी होते. विषय टिकला तर ते टिकणार, हे सगळ्यांना माहीत होतं.

सोनगीरच्या पुढच्या एका गावात सार्वजनिक नळ बसायचा होता. तो कुठे हवा, ते बायकांना विचारून ठरवायचं, एवढं सरांनी सरपंचांकडून कबूल करून घेतलं. वीस घरांचे वीस फॉर्म माझ्याकडे आले.

मी एकाही घरी गेलो नाही. ऊन होतं – नाही, ऊन हे निमित्त. परक्या बायकांशी बोलायची लाज वाटत होती, आणि विषयाची किंमतही नव्हती. मी पारावर बसलो. म्हाताऱ्यांनी चहा पाजला, घरोघरच्या बायकांची नावं सांगितली. नळ इथेच बरा, असंही तेच म्हणाले. मी वीसही फॉर्मवर लिहिलं – पाराजवळ.

नळ तिथे बसला, आणि बायका विहिरीवरच जात राहिल्या. सरांनी विचारलं तेव्हा एक सून म्हणाली, "तठे बठ्ठा बुढा बसेल ऱ्हातस. आम्ही कसं जावानं?"

सासऱ्यांच्या वयाच्या माणसांसमोरून डोक्यावरचा पदर सांभाळत रोज दहा खेपा कोण करील? एका घरी विचारलं असतं तरी कळलं असतं.

कॉलेजात बैठक झाली. वर्गप्रतिनिधी म्हणून मीही होतो. विभागप्रमुख हसून म्हणाले, विचारूनही चुकतंय, मग हा विषय हवा कशाला? फॉर्म खोटे असतील, असंही कुणीतरी म्हणालं. सर म्हणाले, "माझी मुलं खोटं लिहिणार नाहीत. प्रश्नच मी नीट विचारला नाही."

मी समोर बसलो होतो. तोंड उघडलं नाही.

जूनमध्ये सर आले नाहीत. त्यांची नोकरी माझ्यामुळे गेली, हे मला तेव्हाही कळत होतं. त्यांच्या तासाला ड्रॉइंग लागलं. त्यात मी वर्गात पहिला आलो.